फुकटचा कॅसरोल

मित्रांनो, एका जागी गप्प बसणं मला कधी जमलंच नाही. मी चपात्या गरम ठेवणारा एक जुना कॅसरोल आहे. बाहेरून लाल प्लास्टिक, आतून स्टील, आणि झाकणावर गुलाबाची दोन फुलं. त्यातलं एक आता अर्धंच उरलंय. माझं झाकण नीट बसत नाही. शेजारून कोणी पाय आपटत गेलं किंवा रस्त्यावरून ट्रक गेला की ते खडखडतं. लोक म्हणतात, डबा खराब आहे. मी म्हणतो, माझा स्वभावच तसा आहे.

माझा जन्म महाप्याच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून लाल भांडं निघालं, त्यात स्टीलची वाटी बसली आणि मधल्या पोकळीत फेस भरला गेला. हा फेस वाळून घट्ट होतो आणि अन्नाची ऊब धरून ठेवतो. माझ्या झाकणात तो भरत असतानाच वीज गेली. वीज आली तेव्हा झाकण एका बाजूनं फुगलेलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी मला हातात फिरवलं आणि म्हणाल्या, "हा सेकंडमध्ये टाका रे." सेकंड म्हणजे दुय्यम माल, दुकानात न जाणारा. मला फार लागलं ते. एवढ्याशा फुगवट्यासाठी जन्मभराचं नाव पडलं!

या सेकंडच्या मालाला गिऱ्हाईक मात्र ठरलेलं होतं. सत्त्याण्णव साल होतं आणि वाशीत एक हॉलिडे क्लब निघाला होता. त्यांना लोकांना फुकट द्यायला वस्तू हव्या होत्या. फुकटच्या डब्याचं झाकण बसतं की नाही, हे कोण बघतं? 'धर्माची गाय आणि दात का गे नाय' असं विचारणारं तिथं कोणी नव्हतं. मी आणि माझे वाकडे-तिकडे भाऊबंद टेम्पोत बसून वाशीला आलो.

क्लबचा हॉल पहिल्या मजल्यावर होता. गार हवा, गोल टेबलं, आणि गाणी इतकी मोठ्यानं लावलेली की शेजारच्याशी बोलायलाही वाकावं लागे. भिंतींवर परदेशातले फोटो होते. निळे तलाव, माडाची झाडं, पांढऱ्या चादरींचे पलंग. रविवारी जोडपी यायची. नवरा-बायको दोघंही हवेत, अशी अटच होती. एकटा माणूस 'घरी विचारून सांगतो' म्हणून निसटू शकतो, म्हणून ती अट, हे मला हळूहळू कळलं.

क्लबचं म्हणणं साधं होतं. आज एकदाच पैसे भरा, मग दर वर्षी एक आठवडा सिंगापूर, बँकॉक किंवा महाबळेश्वर, म्हणाल तिथली खोली तुमची. जन्मभर! पण सही आजच करा, उद्या हा भाव राहणार नाही. सही व्हायच्या आधी मला रंगीत कागदात गुंडाळून बाईंच्या मांडीवर ठेवायचे. बाई कागद जरा फाडून बघायच्या, माझी फुलं त्यांना आवडायची, आणि मला वाटायचं की चला, आता घर मिळालं. मग ते दोघं नाही म्हणाले की मला उचलून परत टेबलावर ठेवत. "मॅडम, गिफ्ट पोस्टानं येईल." पोस्टानं कधी काही गेलं नाही. कितीतरी मांड्यांवर मी बसलो आणि उठलो. चपातीचा डबा आणि पोटात एक चपाती नाही, अशी माझी गत होती. मी कागदातल्या कागदात खडखडत असे.

एका रविवारी मालतीबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका तिथं आल्या. त्या आणि त्यांचे यजमान क्लबचं कार्ड घेऊन बँकॉकला गेले होते. तिथल्या हॉटेलवाल्यानं ते कार्ड उलटसुलट करून परत दिलं. या क्लबचं नावही त्यानं ऐकलं नव्हतं. परक्या देशात दोघं म्हातारी माणसं आपल्याच बॅगांवर बसून राहिली. हे सगळं त्या सांगू लागल्या, तोच मॅनेजर सुधीर हसत पुढं आला. "मॅडम, टेन्शन घेऊ नका, आत बसून बोलू." त्यानं त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि बाहेर गाण्यांचा आवाज वाढवला. तक्रार घेऊन येणारा प्रत्येक माणूस त्या आतल्या खोलीत जायचा आणि मागच्या जिन्यानं खाली उतरायचा. हॉलमधल्या जोडप्यांना त्याचा पत्ताही लागत नसे.

होळीनंतरच्या रविवारी जोतीराम आणि वेणूबाई आले. जोतीराम घाऊक बाजारात माथाडी होते, ट्रकमधून कांद्याची पोती उतरवायचे. दोघं घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायचे. एका प्रदर्शनात जोतीरामांनी पेटीत कुपन टाकलं होतं आणि शेजारच्या फोनवर निरोप आला होता की तुम्हाला बक्षीस लागलंय. वेणूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या.

त्यांच्या टेबलावर विश्वजित आला. टाय लावलेला तरुण पोरगा. आधी शहरी मराठीत बोलत होता. मग त्यानं गाव विचारलं.

"कोरेगाव. सातारा जिल्हा," जोतीराम म्हणाले.

"आन् तुमचं माहेर?"

"रहिमतपूर," वेणूबाई हळूच म्हणाल्या.

"मग झालंच की! माझी आय रहिमतपूरची. म्हंजी तुमी माझ्या मावशीच!"

ते खोटं नव्हतं, मित्रांनो. त्याची आई खरंच रहिमतपूरची होती. म्हणूनच ते इतकं लागू पडलं. समोसे आले, थंडा आला. वेणूबाईंनी आधी नको नको केलं, पण भाच्याचा आग्रह मोडवेना. आणि मी त्यांच्या मांडीवर आलो.

जोतीराम मात्र सावध होते. "साठवल्यालं पैसं गिरनीचं हायती. त्येला हात न्हाई लावायचा."

गिरणी म्हणजे पिठाची गिरणी. घणसोलीतले हौसेराव आपली चालू गिरणी विकणार होते आणि दसऱ्यापर्यंत थांबायला तयार होते. जोतीरामांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. पाठीवरचं पोतं खाली ठेवायचं आणि गिरणीत स्टुलावर बसून दळायचं, हे त्या दोघांनी कितीतरी वर्षांपासून ठरवलं होतं.

"काका, गिरनी कुटं पळून चालली का?" विश्वजित म्हणाला. "न्हाई आवडलं तर तीन म्हैन्यांनी आमीच जास्त भावानं परत घिऊ. गिरनीला उलट वर पैसं उरतील. आन् खरं सांगा, मावशीला जत्रा सोडून कुटं नेलंय का तुमी आजवर?"

जोतीरामांनी बायकोकडं बघितलं. त्या माणसाच्या तोंडावर जी शरम आली, ती बघून मला कागद फाडून बाहेर पडावंसं वाटलं.

वेणूबाई म्हणाल्या, "चला घरी." त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं, परत द्यायला पुढं केलं, आणि त्यांचे हात थांबले. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. शेजारणीकडून भरलेलं भांडं आलं तर ते रिकामं परत करायचं नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. वेणूबाईंच्या अंगात ती रीत मुरलेली होती. त्या नवऱ्याकडं झुकून म्हणाल्या, "अवो, मावशी म्हनलंय त्येनं. त्येचं खाल्लं, भांडं मांडीव घेतलं. आता रिकाम्या हातानं कसं परत द्यायचं?"

हॉलिडे क्लबला शेजारधर्म लावला त्या माउलीनं! जोतीरामांनी सही केली. दुसऱ्या दिवशी विश्वजित स्वतः रिक्षा घेऊन आला आणि त्यांच्याबरोबर बँकेत जाऊन रोख पैसे घेऊन गेला.

आता मी खोटं बोलणार नाही. पुढचे महिने माझ्या सुखाचे होते. घणसोलीच्या त्या खोलीत पहिल्यांदा माझ्या पोटात वाफाळलेल्या चपात्या आल्या. शेजारी केशरबाई राहायच्या, मूळच्या संगमेश्वरकडच्या. बक्षिसाचा फोन त्यांच्याच घरी आला होता. त्यांनी मला बघितल्या बघितल्या सांगितलं, "अगो वेणू, ह्याचा झाकान बसत नाय गो." पण वेणूबाईंनी माझी बाजू घेतली. "नसंना का बसत. चपाती बग कशी ऊन ऱ्हाती!" तेव्हापासून दोन्ही घरांमध्ये मी सारखा ये-जा करू लागलो. थालीपीठ घेऊन गेलो की घावणे घेऊन परत यायचो. माझ्यासारख्या चुळबुळ्याला याहून चांगलं आयुष्य कुठलं?

पण त्या खोलीत काहीतरी बिघडत चाललं होतं. क्लबवाले मे महिन्यात म्हणाले, गर्दी आहे, पावसाळ्यात या. पावसाळ्यात म्हणाले, आधी देखभालीचे पैसे भरा. जोतीरामांनी सहली-बिहलीचा नाद सोडला आणि आपले पैसे मागितले. तीन महिन्यांत परत घेऊ, हा शब्द त्यांनी आठवून दिला. असा शब्द कागदावर कुठं आहे, असं सुधीरनं आतल्या खोलीत विचारलं. पोलिसांकडं जाऊ का म्हटल्यावर तो म्हणाला, "जा की काका. सही तुमचीच आहे ना?" जोतीराम मागच्या जिन्यानं उतरून घरी यायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. वेणूबाई चपात्या लाटता लाटता मध्येच थांबायच्या. जेवणं कमी झाली आणि मीही अर्धा रिकामा राहू लागलो.

गणपती झाले आणि एका दुपारी जोतीराम पोत्यासकट ट्रकला लावलेल्या फळीवरून घसरले. त्यांच्या माथाडींच्या टोळीतल्या माणसांनी त्यांना उचलून घरी आणलं. गुडघा उखळाएवढा सुजला होता. दुसऱ्या दिवशी हौसेराव बघायला आले, चहा घेतला, आणि उठताना चप्पल पायात अडकवत म्हणाले, "जोतीराम, दुसरं गिऱ्हाईक दारात हाय. दसऱ्यापतुर थांबतो. म्होरं न्हाई जमायचं."

ते गेल्यावर वेणूबाई माझ्याकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ह्या भांड्यापायी झालं समदं. रिकामं द्यायला लाजले म्हनून झालं. मी ह्ये परत करून येते."

परत? त्या थंड हॉलमध्ये? त्या टेबलावर? मी खडखडलो, पण भांड्याचं कोण ऐकतं!

केशरबाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नेतंस तर ने. पन रिकामा नेव नको." दोघींनी एकमेकींकडं बघितलं. रविवारी सकाळी केशरबाई गावाकडून आलेली सुकट घेऊन आल्या. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी. लसूण आणि लाल तिखट घालून दोघींनी ती अशी परतली की गल्लीतली माणसं खोकत बाहेर आली. गरमागरम सुकट माझ्यात भरली, वर भाकरी ठेवल्या, आणि त्या दोघी मला घेऊन वाशीला निघाल्या.

दारावरच्या माणसानं त्यांना अडवलं. जोडपं हवं, म्हणाला. मग त्याला माझ्या बुडाशी क्लबची चिठ्ठी चिकटलेली दिसली. जुने खूश मेंबर नव्या लोकांशी बोलायला अधूनमधून बोलावले जात. त्याला वाटलं, या त्यातल्याच. त्यानं दार उघडलं.

हॉल भरलेला होता. वेणूबाई सरळ मधल्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि त्यांनी माझं झाकण काढलं.

मित्रांनो, बंद खिडक्यांच्या, गार हवेच्या हॉलमध्ये सुकटीचा वास काय करतो, हे तुम्हाला कसं सांगू? तो भिंतींवरच्या निळ्या तलावांपर्यंत पोचला. बायकांनी पदर नाकाला लावले. काहींच्या तोंडाला पाणीही सुटलं असेल. प्रत्येक मान आमच्याकडं वळली. विश्वजित धावत आला.

"मावशी! ह्ये काय?"

"तुजं भांडं परत आनलंय बाळा. रिकामं कसं आनायचं? बस. जेव."

"आपन आत बसू. आतल्या खोलीत."

"आत कशाला? मला समोसा हितंच दिलावता न्हवं? मग जेवान बी हितंच."

आवाज चढवायची त्यांना गरजच पडली नाही. कोणीतरी गाणं बंद केलं होतं, काय चाललंय ते ऐकायला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही मेंबर आहात का? कुठं जाऊन आलात?" वेणूबाई म्हणाल्या, "कुटंच न्हाई बाई. नवरा गुडगा मोडून घरी पडलाय. गिरनीचं पैसं हितं अडकल्यात." आणि भाकरीचा तुकडा त्या बाईंपुढंही केला.

विश्वजित उभाच होता. मला तो जवळून दिसत होता. शर्टाची कॉलर विरलेली, गाल बसलेले. त्यालाही दोन महिने पगार नव्हता, हे मला नंतर कळलं. केशरबाई म्हणाल्या, "जेव रे पोरा. उपाशी दिसतंस." तो खाली बसला. त्यानं भाकरी मोडली आणि खायला लागला. आईच्या हातचं आठवलं असेल का? त्याचे डोळे भरून आले, आणि ते फक्त तिखटानं नव्हे.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ उठून आले. त्यांच्या हातात सहीसाठी उघडलेलं पेन होतं. "अहो, मला एक सांगा. हे फोटोतलं हॉटेल तुम्ही स्वतः पाहिलंय का?"

विश्वजितच्या तोंडात घास होता. तो गिळायला त्याला वेळ लागला. समोर वेणूबाई बसल्या होत्या.

"न्हाई," तो म्हणाला. "फोटोच बघितलाय."

त्या गृहस्थांनी पेनाचं टोपण लावलं. खुर्च्या सरकल्या. एकेक जोडपं उठू लागलं. सुधीर आतून धावत आला, हसू तोंडावर चिकटवून. "मॅडम, तुमचं काम करून देतो, पण आधी हे झाका." वेणूबाई म्हणाल्या, "रोख घेतलंवतं, रोख द्या. न्हाईतर म्होरल्या रविवारी टोळीतल्या बायकांस्नी घिऊन येते. परत्येकीच्या हातात भांडं असंल." सुधीरनं दाराकडं बघितलं. जाणारी जोडपी तिथंच थांबून ऐकत होती. तो आत गेला आणि पैसे घेऊन आला. आदल्या दिवशी कोणी दुसऱ्यांनी भरलेले पैसे असणार ते. ती गोष्ट मला आजही खुपते. पण त्या क्षणी केशरबाईंनी नोटांची पुरचुंडी वेणूबाईंच्या कमरेला खोचली आणि मी आनंदानं खडखडलो.

मग वेणूबाई उठल्या. मला टेबलावरच ठेवलं. "भांडं तुमचं तुमाला," असं म्हणाल्या आणि गेल्या. मागं वळूनही बघितलं नाही. मी समजू शकतो. तरी मला फार वाईट वाटलं.

पुढचे दिवस कसे गेले, विचारू नका. मला साबणानं घासलं, उन्हात ठेवलं, पण झाकणाच्या फटीत शिरलेला सुकटीचा वास काही जाईना. त्यामुळे मला पुन्हा कोणाच्या मांडीवर ठेवता आलं नाही, एवढं एक बरं झालं. दिवाळीआधी सुधीर दिसेनासा झाला आणि शटरला कुलूप लागलं. पायऱ्यांवर माणसं ताटकळत उभी राहायची. मालतीबाईही असायच्या. त्यांना काही मिळालं नाही. कामावरच्या लोकांनी पगाराच्या बदल्यात खुर्च्या नेल्या, पंखे नेले. विश्वजितच्या वाट्याला मी आलो, कारण मला कोणी हात लावत नव्हतं.

त्यानं मला खांदेश्वरच्या आपल्या खोलीवर नेलं. तो एका औषधाच्या दुकानात कामाला लागला. मी कोपऱ्यात पडून असायचो. कधी शिळा पाव माझ्यात असायचा, कधी नुसती धूळ. थंडीत त्याची आई गावाहून आली, थोड्या जोंधळ्याची पिशवी घेऊन. सुट्टीच्या दिवशी त्यानं ते धान्य माझ्यात भरलं आणि दळायला निघाला. वाटेत कितीतरी गिरण्या लागल्या. तो बसमधून उतरलाच नाही. उतरला तो थेट घणसोलीला.

हौसेरावांच्या गिरणीत आता जोतीराम मालक म्हणून स्टुलावर बसले होते. भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या, दुखरा पाय पुढं पसरलेला होता. जमीन थरथरत होती आणि दारातूनच माझं झाकण वाजायला लागलं. वेणूबाई दळण मोजून घेत होत्या. त्यांनी आधी मला ओळखलं, मग त्याला.

"ह्ये भांडं मी परत केलंवतं," त्या म्हणाल्या.

"व्हय मावशी. ठिवा तुमच्याकडंच. तुमचंच हाय."

"फुकट?" वेणूबाईंनी हात मागं घेतला. "न्हाई रं बाबा. फुकट घिऊन एकदा बघितलं. काय घेनार बोल."

विश्वजित खाली मान घालून पुटपुटला, "चार दळनं."

"चार?" जोतीरामांनी स्टुलावरूनच मला मागून घेतलं, उलटंपालटं केलं, झाकण लावून बघितलं, वास घेतला. "झाकान बसतंय का ह्येचं? वासबी हाय. एक."

"तीन करा काका."

"दोन. आजचं धरून."

"बरं. दोन."

त्यांनी त्याचं धान्य दळलं, पीठ पिशवीत भरून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या दळणाला आला तेव्हाही घेतले नाहीत. हिशोब मिटला. त्या दिवशी वेणूबाईंनी त्याला चहा दिला. तो बाहेरच्या बाकावर बसून प्याला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

तर मित्रांनो, आता मी गिरणीतल्या फळीवर असतो. जोतीरामांची दुपारची भाकरी माझ्यात असते. पट्टा फिरू लागला की मीही दिवसभर खडखडतो, पण आता त्याचं कोणाला काही वाटत नाही. माझं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. घरातल्या जुन्या भांड्यांना तारेच्या घासणीनं खरवडू नका, वाकडं झाकण आहे म्हणून फेकू नका. आणि कोणी मांडीवर काही ठेवून 'आजच सही करा' म्हणालं, तर ते तसंच त्याच्या हातात द्या आणि घरी या. रिकामं द्यायला लाजू नका.

मी फुकट होतो, तेव्हा माझ्यापायी एका माणसाची गिरणी जात होती. आता माझी किंमत दोन दळणं आहे. ती चुकती झालेली आहे, आणि मला परत मागायला कोणी येणार नाही.